दसऱ्यानंतरचा कच्चा भात

॥ श्री ॥

आणे,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. रामदास यास,
अक्काचे अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

पायाचं कळलं. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलास, विहिरींत उतरलास, कधी खरचटलं नाही. आणि पाय मोडलास तो स्वतःच्या घरच्या ओट्यावरून पडून. ओटा केवढा, तर दोन पायऱ्यांचा. इथं कुणी विचारलं तर खांबावरून पडला असंच मी सांगते. भावाची अब्रू आहे.

तुझा फोन आला होता, पण पठारावर रेंज नसते. तुझं ओरडणं तेवढं पोचलं, शब्द घाटातच राहिले. तेव्हा लिहीत जा. गेणूचा भाजीचा पिकअप एक दिवसाआड मंचरला जातो, तो वाट वाकडी करून अवसरीला चिठ्ठी देईल आणि उत्तर आणील.

आता मुद्द्याचं. आदेशनं दिलेला विजेचा कुकर बिघडलाय. तुला ठाऊकच आहे, श्रावणात माझ्या हातून शिट्टीचा कुकर गॅसवर करपला, घरभर धूर झाला. लेक चाकणहून आला आणि लहान पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसा माझा सिलिंडर गाडीत घालून घेऊन गेला. जाताना हा कुकर ठेवला. म्हणाला, आई, तांदूळ घाल, पाणी घाल, खटका दाब, शिजलं की आपोआप बंद होतो. एवढं जमलं तर खुशाल रहा इथं. नाही जमलं तर दिवाळीला चाकणला यायचं आणि मग नाही म्हणायचं नाही.

दीड महिना त्या कुकरनं असा मोकळा भात दिला की भाकरीवर वाढलेल्या माझ्यासारखीला बाटल्यासारखं वाटावं. दसऱ्याला तू सोनं द्यायला आलास, कुकरची यथासांग पूजा करून गेलास, तोवर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशीपासून लाल दिवा लागतो, पाच मिनिटांत खटका आपला आपण वर जातो आणि पिवळा दिवा लागतो. झाकण काढावं तर तांदूळ कोमट पाण्यात बसलेले, ओढ्यातल्या वाळूसारखे. शेजारची कोंडाबाई भाकरी देते म्हणून उपाशी नाही.

काल वाटलं, मीच पाणी कमी घातलं असेल. आज वाटलं, खटका नीट दाबलाच नसेल. रामदास, कुकर बिघडला असेल तर मला त्याचं काही नाही, यंत्रच ते. पण कुकर चांगला असला आणि मी बिघडले असले, तर आदेशचं खरं ठरतं, आणि मग या घराला कुलूप. तू मोटरवाला आहेस. आम्हा दोघांतलं कोण बिघडलंय ते सांग. आदेशला यातलं बोलू नकोस.

पाय उशीवर ठेव, तोंड बंद ठेव, दोन्ही लवकर बरे होतील.

तुझी,
मंगलअक्का


अवसरी बुद्रुक,
ता. ७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
रामदासचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

चिठ्ठी गेणूनं दिली. माझा पाय बघून हसला तो वेगळा. आधी रेंजचं सांग. तुमच्या देवळामागं टॉवर आहे, त्याच्या सावलीत बसून गेणू सासरवाडीला व्हिडिओ कॉल लावतो. साऱ्या आण्यात रेंज आहे आणि तुझ्या एकटीच्या कानाशी येऊन ती संपते, हा काय प्रकार आहे ते पाय बरा झाला की बघायला येईन.

कुकरचं म्हणशील तर घाबरू नकोस. माझ्या दुकानात जळाली म्हणून आणलेल्या दहा मोटरींतल्या सहा जळालेल्या नसतातच. माणूस फ्यूज बघत नाही, बटण बघत नाही, मोटर तेवढी खांद्यावर टाकून आणतो आणि वर मलाच सांगतो की भाऊ, ही लई तापट झालीय. तेव्हा आधी माणूस तपासायचा, मग यंत्र. राग मानू नकोस, हा दुकानाचा नियम आहे, बहिणीलाही लागू.

पाणी एकाच वाटीनं मोज. प्लग पिनांपाशी सैल आहे का बघ. पठारावर दुपारच्याला सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटरी सुरू असतात, तेव्हा लाइनीत जोर राहत नाही. बल्ब लावून बघ, पिवळा पडला तर कुकर बिचारा काय करणार. त्या डब्यात आहे तरी काय, एक तवा आणि एक खटका. पाच एचपीच्या मोटरची तार डोळे मिटून गुंडाळणाऱ्या माणसाला त्यात अडायला काही नाही.

पूजा मी केली ते बरंच झालं. तू दीड महिना बिनपूजेचं यंत्र वापरत होतीस, ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. माझ्या दुकानात हळद, कुंकू, फूल, अक्षता झाल्याशिवाय कुठल्याच मोटरला करंट दाखवत नाही, आणि आजवर एकही परत आलेली नाही.

पायाचं प्लास्टर जसं घट्ट आहे तशी तुझी मायाही राहू दे. प्लास्टर सहा आठवड्यांनी काढतील.

तुझा,
रामदास


आणे,
ता. ११ ऑक्टोबर २०२५

चि. रामदास यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

आधी माणूस तपासायचा म्हणालास, म्हणून तपासला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला लागले. तांदूळ घातले, एक रेघ. पाणी घातलं, दुसरी. खटका दाबला, लाल दिवा लागला, तिसरी. मग भात कच्चा निघाला की भिंतीपाशी जाऊन मोजायचं. तीन दिवस झाले, रोज तीनच्या तीन रेघा. चौथ्या दिवशी माझा रेघांवरही विश्वास राहिला नाही, म्हणून कोंडाबाईला साक्षीला बसवलं. ती डोळ्यांत तेल घालून बसली, आणि भात कच्चा निघाल्यावर म्हणाली की मंगल, तुझं काय चुकलं न्हाई, ह्या डब्यालाच घर मानवंना.

बल्ब पांढरा स्वच्छ लागतो, सकाळी आणि दुपारीही. प्लग घट्ट आहे. तरी कुकर कडेवर घेऊन कोंडाबाईच्या घरी गेले, तिच्या बोर्डाला लावला. तिथंही पाच मिनिटांत पिवळा दिवा. म्हणजे लाइन नाही, प्लग नाही, वाटी नाही आणि मीही नाही. आता तुझ्या नियमात पुढं कोण येतं ते सांग.

एवढंच की भांड्याखालच्या तव्याकडे मी बघितलेलं नाही. आदेशनं बजावून ठेवलंय की आत हात घालायचा नाही, करंट बसेल. भांडं ठेवताना आणि काढतानाही मी नजर दुसरीकडे करते. तीन रेघा आल्या त्या दिवशी मात्र मी भिंतीसमोर बराच वेळ उभी होते. स्वतःच्या हाताच्या खुणा बघून एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. पण आदेशला भिंत दाखवून भागणार नाही. त्याला भात दाखवावा लागेल, आणि पाडव्याला तो येतोय.

पाय आणि माझं काम, दोन्ही विसरू नकोस.

तुझी,
अक्का


चाकण,
ता. १२ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
वृषालीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोनवर बोलायचं तर हे शेजारीच असतात.

आईंना पाडव्याला इकडे आणायचं यांनी ठरवलंय. खोली रिकामी केली, खाट आणली, दिवाळीनंतर विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आण्याहून कोंडाबाईंच्या मुलाकडून कळलं की रोज भात कच्चा राहतोय. हे म्हणतात, तीन गोष्टी लक्षात राहत नसतील तर एकटं ठेवणं बरं नाही. मला यांचं पटतं, आणि पटतं म्हणून वाईट वाटतं. इथं चौथ्या मजल्यावर आई गॅलरीत बसतील आणि पार्किंगमधल्या गाड्या बघतील.

श्रावणातलं मलाही विसरता येत नाही. कोंडाबाई सांगत होत्या की शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या, शेवटी पाणी संपलं आणि धूर निघाला. आई शेजारच्याच खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. जवळ असून विसरल्या, म्हणून भीती वाटते.

तुमचं त्या ऐकतात. यायला तयार करा, आणि ते जमणार नसेल तर निदान त्यांच्यावर रागावू नका. पायाला जपा. मामींना नमस्कार. तुमचा हात आमच्या डोक्यावर आहेच, तो तिथंच असू द्या.

आपली,
वृषाली


अवसरी बुद्रुक,
ता. १५ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज मी टिंगल करणार नाही. तुझ्या भावजयीनं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला, कारण सकाळपासून मी गप्प आहे.

गौरीपासून दुकानात दुरुस्तीला आलेला गोजरबाईंचा एक जुना कुकर पडलाय, तुझ्यासारखाच. पाय स्टुलावर ठेवून तो उघडला. म्हटलं, आत घड्याळ असेल, नाही तर आजकाल असतं तसं एखादं हिरवं कार्ड. भात शिजला हे कळायला काहीतरी डोकं हवं ना. अक्का, आत डोकं नाही. तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक गोल चकती आहे आणि तिच्याखाली एक चुंबक. खटका दाबला की चुंबक वर जाऊन चकतीला चिकटतो, आणि चिकटलेला आहे तोवर करंट चालू. बस्स. बाकी सगळी हवा.

मग हा चुंबक सुटतो केव्हा. मेणबत्ती लावली, चकती चिमट्यात धरली, खाली चुंबक लोंबकळत ठेवला. धरून राहिलो. एकाएकी चुंबक गळून पडला. कुणी ओढला नाही, हलवला नाही. चकती निवली, पुन्हा चिकटला. तापवली, पुन्हा पडला. असं मी बारा वेळा केलं. उकळत्या पाण्यापेक्षा थोडी जास्त तापली की ती चकती चुंबकाला ओळख देत नाही, आणि निवली की जुनी ओळख परत.

आता पुढचं बघ. भांड्यात पाणी आहे तोवर, कितीही करंट सोडलास तरी भांडं उकळीच्या फारसं वर तापत नाही. हे कुणाला ठाऊक नाही? तुला ठाऊक आहे, मला आहे, चहावाल्याला आहे. भातानं पाणी पिऊन टाकलं की भांडं वर तापायला लागतं, चकती ओळख विसरते, चुंबक पडतो, खटका उडतो. म्हणजे भात शिजला हे कुकरला सांगतं कोण, तर संपलेलं पाणी. हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं तो माणूस त्या दिवशी घरी जाऊन जेवला कसा असेल, मला कळत नाही. मी तीस वर्षं चुंबकांच्या ढिगात बसलोय, त्यांच्यावर पोट भरलंय. त्यांना विसरता येतं, आणि नेमकं वेळेवर विसरता येतं, हे मला आज कळलं. गेल्या पत्रात एक तवा आणि एक खटका असं लिहिलं होतं ते खोडून टाक.

तुझं काम. प्लग काढून हातात धर, म्हणजे करंटची भीती नाही. कुकर पुरता निवू दे. भांडं बाहेर काढ. मधली चकती बोटानं दाब. ती खाली जाऊन वर आली पाहिजे, दाराच्या बेलच्या बटणासारखी. वर येत नसेल तर ती भांड्याला टेकतच नाही. मग भांड्यातलं पाणी तिला कळणार कसं, नुसती तव्याची धग लागते आणि ती वेळेआधीच विसरते.

आणखी एक. उगाच विचारत नाही. खटका उडताना मोठ्यानं टक वाजतं. गोजरबाईंचा वाजला तेव्हा तुझी भावजय परसातून बघायला आली. तुझ्या पत्रांत लाल दिवा आहे, पिवळा दिवा आहे, त्या आवाजाबद्दल मात्र अक्षर नाही. श्रावणात त्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, अक्का. खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही, आणि रेंजचं नाव काढू नकोस.

तुझ्या उत्तराकडे आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलेला,
रामदास


आणे,
ता. १८ ऑक्टोबर २०२५

चि. रामदास यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

या पाकिटात कागदाच्या पुडीत तीन तांदूळ आहेत. सांडू नकोस, पुढं त्यांचं काम आहे.

तुझं पत्र आलं तशी प्लग काढून कुकर अंगणात उजेडात आणला. आदेशची मनातल्या मनात माफी मागितली आणि पहिल्यांदा आत बघितलं. चकती सापडायला वेळ लागला नाही, कारण तिच्यावर कुंकू होतं. बोटभर लांब टिळा, भाजून काळा पडलेला. बोटानं दाबली तर आधीच खाली गेलेली, वर यायचं नाव नाही. गोधडीची सुई घेतली आणि चकतीच्या कडेनं फिरवली. ओल्या हळदीकुंकवात लडबडलेले तांदूळ फटीत उतरून तिथंच भाजून दगड झाले होते. एक निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याला मी साळुंकीसारखी टोचत बसले. तो सुटला आणि चकती वर आली. रामदास, झोपलेलं मूल एकदम डोळे उघडून बघतं तशी वर आली. मी सुई टाकून मागं सरकले.

मग मला दसऱ्याचा दिवस आठवला. मी भांड्याला कुंकू लावायला निघाले होते तर तू मला थांबवलंस, म्हणालास, भांड्याची कसली पूजा, यंत्र पोटात आहे. भांडं काढून ठेवलंस, आतली गोल चकती बघून खूश झालास, म्हणालास, हे बघ याचं कपाळ. आणि टिळा लावून त्यावर अक्षता चिकटवल्यास. आजवर एकही मोटर परत आली नाही म्हणतोस. तुझ्याकडे येत नसतील, दुसऱ्याकडे जात असतील.

आता शिट्ट्यांचं. मला माहीत नाही किती झाल्या. एकही ऐकू आली नाही. दोन वर्षं झाली, कान हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग फोन, मग शिट्टी. आदेशनं विचारलं, विसरलीस का, तर मी मान हलवली. बहिरी म्हटलं की लोक तोंडासमोर ओरडतात आणि पाठीमागं हसतात. विसरली म्हटलं तर निदान हळू बोलतात. आमच्या सासूबाईंचे कान गेले तेव्हा आम्ही सुनांनी काय काय केलं ते मला आठवतं. म्हणून रेंजला पुढं केलं. एका खोट्यानं घर जायची वेळ येईल हे ध्यानात आलं नाही.

पण पुढचं ऐक. चकती पुसली, भांडं ठेवलं, खटका दाबला. टक वाजतं असं तू लिहिलंस, म्हणून कुकरच्या अंगावर पालथा हात ठेवून बसले. उकळी आली ती हाताला कळली, बारीक थरथर, मांजर मांडीवर असावं तशी. मग ती मंदावली. मग थांबली. आणि बोटांच्या हाडांत एक ठोका बसला. आवाज नाही, नुसता ठोका. झाकण काढलं, भात मोकळा. रामदास, आत कुणी नसलेल्या त्या डब्यानं मला ज्या भाषेत कळतं त्या भाषेत सांगितलं की झालं. मी भाताला हात जोडले, मग कुकरला जोडले, मग कोंडाबाई बघत होती म्हणून देवाकडे वळले.

पाडव्याला आदेश येईल. त्याला भात दाखवीन. बाकीचं कसं सांगायचं ते ठरत नाही.

तांदळांचं लक्षात ठेव. आणि माझा विश्वास, जो तुझ्यावर उगाच आहे, तो आहे तसा धरून चाल.

तुझी,
अक्का


अवसरी बुद्रुक,
ता. २० ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तीन तांदूळ दुकानात काचेखाली ठेवलेत. गिऱ्हाईक विचारतं, भाऊ हे काय, तर मी सांगतो की यांनी माझी तीस वर्षांची कमाई खाल्ली. यापुढं यंत्राच्या बाहेरच्या अंगाला एक फूल, बास.

तू स्वतःला पंधरा दिवस वेडी समजत होतीस आणि कारण मी होतो. याबद्दल माझ्याजवळ विनोद नाही.

सांगायचं कसं म्हणतेस. तोंडानं सांगू नकोस, तो वाद घालील. तुला जसं कळलं तसंच त्याला कळू दे.

लंगडा, पण तुझाच,
रामदास


आणे,
ता. २२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

चि. रामदास यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र गेणू नाही, उद्या मीच घेऊन येतेय. तिथं तू बोलशील आणि मला अर्धं कळणार नाही, म्हणून लिहून आणलं.

आदेश आणि वृषाली सकाळी आले, बरोबर दोन मोठ्या रिकाम्या बॅगा. मी तांदूळ धुतले, पाणी घातलं, खटका दाबला. आदेशनं मनगटावरचं घड्याळ बघायला सुरुवात केली. पाच मिनिटं गेली, लाल दिवा तसाच. मी त्याचा हात धरला, कुकरच्या अंगावर ठेवला, शेजारी माझा ठेवला. तो कंपनीत मोठाल्या मशिनी चालवतो, पण लहानपणी खळ्यात पाखरं बघत बसायचा तसाच बसला. थरथर आली, मंदावली, थांबली. ठोका बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुला तो ऐकू आला, मला हाताला लागला; श्रावणातली शिट्टी हाताला लागत नव्हती.

त्यानं कुकरवरचा हात काढला. मग उठून माझ्या पाठीमागं गेला. मी भाताकडे बघत होते. थोड्या वेळानं वृषालीनं तोंडाला पदर लावला, तेव्हा मला कळलं की तो मागून काहीतरी बोलला होता. काय बोलला ते मी विचारलं नाही, त्यानं पुन्हा सांगितलं नाही.

चौघंजण जेवलो, कोंडाबाई धरून. त्या विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ वृषालीनं फोन करून मोडली आणि कानाच्या डॉक्टरांची घेतली. बॅगा रिकाम्याच गाडीत गेल्या. उद्या भाऊबीजेला आदेश मला तुझ्याकडे आणतोय. पुढं चाकणला नेणार का, हे विचारायचा धीर मला होत नव्हता. त्याला ते दिसलं असावं. त्यानं कोळसा घेतला आणि भिंतीवर माझ्या रेघांखाली लिहिलं, उद्या संध्याकाळी परत आण्याला. मोठ्या अक्षरात, पहिलीतल्या पोरानं लिहावं तसं. मी ते पुसणार नाही.

ओवाळायचं ताट तयार ठेव. अक्षता मी घेऊन येतेय. कपाळ आधी बोटानं दाबून बघीन, खाली जाऊन वर येतं की नाही. आलं तरच टिळा.

उद्या भेटूच, तोवर जीव लावून रहा.

तुझी,
मंगलअक्का